गुरुवारचा कटऑफ आणि दुकानदाराचं टॉनिक

प्रश्न (निफाड तालुका): आमचा थॉमसन द्राक्षांचा माल युरोपला जाणार आहे. कटऑफ असा की कंटेनर गुरुवारी रात्री न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत जायला हवा. निर्यातदार बुधवारी काढणी म्हणतो. काही घडांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसते. दुकानदाराने एक औषध आणि 'रेसिड्यू फ्री' टॉनिक दिलंय. मारू का?

उत्तर: नाही. रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, नमुना तपासणीला गेल्यानंतर बागेत पंप न्यायचाच नाही. दुकानदार म्हणतो, 'तीन दिवसांत उतरतं.' उतरलं नाही तर माल तुमचा परत येतो, त्याचा नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा काय झालं ते जुन्या बागायतदारांना विचारा. लेबलवरचे काढणीपूर्व दिवस (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे) शिफारशीच्या मात्रेसाठी असतात. दीडपट मारलं की त्या दिवसांना अर्थ उरत नाही. टॉनिकच्या बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घरातही ठेवू नका. पुन्हा सांगतो, फवारणी नाही. भुरीचे घड आजच वेगळे काढा आणि स्थानिक बाजाराला द्या.

आता काढणीचं. बुधवार उशिराचा आहे. बंदराच्या तारखेपासून उलटं मोजा. गुरुवारी रात्री गेट, म्हणजे गुरुवारी सकाळी गाडी पॅकहाऊसमधून निघालीच पाहिजे, कारण कसारा घाट कुणाचं ऐकत नाही. बुधवारी रात्री भरणी. एका चाळीस फुटी कंटेनरला साधारण १२-१३ टन माल लागतो, तो एका दिवसात मजूर काढत नाहीत. म्हणून काढणी सोमवार-मंगळवार, पहाटे सुरू, ऊन चढायच्या आत बंद.

मुख्य मुद्दा प्रीकूलिंगचा, म्हणजे भरणीआधी माल गार करण्याचा. घाई झाली की पहिला घाला यावरच पडतो, 'कंटेनर गार करेल' म्हणतात. रीफर (शीत) कंटेनर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करत नाही. काढल्यापासून चार-सहा तासांत माल प्रीकूलिंगला जायला हवा आणि गराचं तापमान ४ अंशांच्या खाली आल्याशिवाय भरणी नको. थर्मामीटर मण्यात खुपसून बघा, खोलीच्या काट्यावर जाऊ नका. गरम पेटीत घाम सुटतो, बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर पॅड एकदम वायू सोडतो, मणी पांढरे पडतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली तेव्हा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. त्यात असा माल टिकत नाही.

कटऑफ हुकला तर कंटेनर पुढच्या जहाजावर जातो आणि बंदरात तो विजेवर गार ठेवायचं प्लगचं भाडं वाढतं. ते कोण भरणार, हे निर्यातदाराकडून आधीच लिहून घ्या.

प्रीकूलिंग युनिटच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमतीआधी बांधकाम नको. बाकी तालुका कृषी कार्यालयात विचारा.