पदरचं घालून किती दिवस गाणार?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की कुठल्या कंपनीचं पाठबळ नसताना, चर्चचा पगारही नसताना स्वतःची गाणी करणाऱ्या मराठी ख्रिस्ती कलाकारांनो, तुमचं नेमकं कुठे अडतंय ते कळवा. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, पैसा आणि एकटेपणा. त्यातली पाच आज घेतेय.

प्रश्न : सलाम. मी नगर जिल्ह्यातला, एमआयडीसीत शिफ्टला जातो, भजनं लिहितो आणि चाली लावतो. सोबत तबल्यावर एक मित्र आणि कीबोर्डवर एक. गेल्या वर्षी एक गाणं स्टुडिओत केलं, मिक्सिंग आणि व्हिडिओ धरून १८ हजार गेले, तिघांनी पदरचे घातले, व्ह्यूज आले सातशे. आता पुणे, वसई, मुंबई, जालना इथल्या आमच्यासारख्यांना जोडून नेटवर्क उभं करायचंय. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, १४० जण झाले पण तिथे नुसत्या लिंका पडतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. संस्था रजिस्टर करू का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, रजिस्ट्रेशन आत्ता नको. संस्था म्हटली की किमान सात जण लागतात, आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशोब, ऑडिट, आणि खरं सांगायचं तर अध्यक्ष कोण यावरूनच पहिले सहा महिने जातात आणि गाणं एकही होत नाही. १४० जणांचा ग्रुप असू दे तसाच. त्यातले दहा-बारा जण शोधा जे खरंच काम करतात आणि ज्यांच्या घरी तुम्ही जेवायला जाऊ शकता, आणि त्यांची भिशी लावा. हो, भिशीच. बारा जणांनी महिन्याला ५०० टाकले तर ६ हजार होतात, दर महिन्याला चिठ्ठी निघेल त्याचं गाणं करायचं, फक्त पैसे त्याच्या हातात न देता थेट स्टुडिओला आणि वाजवणाऱ्यांना द्यायचे आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचा.

तुम्ही म्हणाल ६ हजारात काय होतं, आमचे तर १८ गेले. बरोबर आहे, पण त्या १८ मधले किती मजुरीचे होते ते बघा. शेतात सावड करतात ना, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, तसं इथे करायचं. तुमचा तबलेवाला वसईच्या ताईच्या गाण्यावर वाजवेल, तिकडचा मुलगा तुमचं मिक्सिंग करेल, पुण्यातला कोणी व्हिडिओ कापून देईल. आणि हे वहीत लिहायचं, कोणी किती तास दिले ते, कारण तोंडी ठेवलं की जो भिडस्त असतो त्याच्याच गळ्यात सगळं काम पडतं.

आवाज प्रत्येक वेळी स्टुडिओतच घ्यायला पाहिजे असंही नाही. एक बरा कंडेन्सर माईक, एक ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि हेडफोन एवढं सगळ्यांनी मिळून घ्या आणि फिरतं ठेवा. खोली छोटी घ्यायची, कपाटाची दारं उघडी टाकायची म्हणजे कपडे आवाज शोषतात, खिडकीला आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी लावायची, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवायचं की तासभर कुकर लावू नका. मी अशा खोलीत घाम पुसत गाणाऱ्यांचे टेक ऐकलेत आणि ते स्टुडिओतल्यांपेक्षा जास्त जिवंत वाटलेत, कारण मीटर पडत नाही म्हणून माणूस चौथ्यांदा निवांत गातो. तबला आणि ढोलकी मात्र नीट जागेत घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

यूट्यूबच्या पैशावर भिस्त ठेवू नका. जाहिरातीतून पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज), आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षात १००० वेळा वाजलं नाही तर त्याचं काहीच मिळत नाही. म्हणून पुष्कळ जण म्हणतात सगळ्यांचा मिळून एकच चॅनल काढू, आकडा लवकर गाठू. मला ते पटत नाही. पासवर्ड एकाकडे राहतो, त्याचं लग्न होतं, नोकरी बदलते, भांडण होतं, आणि सगळ्यांची गाणी त्याच्याकडे अडकतात. ज्याचं गाणं त्याच्या चॅनलवर, आणि गाणं आलं की बाराही जणांनी ते पूर्ण ऐकायचं, खाली मनापासून दोन ओळी लिहायच्या आणि पुढच्या रविवारी आपापल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते शिकवायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गाण्याला कंपनीने कधी मोठं केलंच नाहीये, नगरला १८६० च्या सुमारास कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हापासून ते गावोगावच्या भजनी मंडळांनीच पुढे नेलंय, आणि त्याच्याही आधी फादर स्टीफन्सचं १६१६ चं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध मराठी काव्य, लोकांच्या गळ्यातूनच पुढे गेलं. चार मंडळ्यांत गाणं गायलं गेलं की ते जगतं.

अजून एक. ग्रुपमध्ये बाप्तिस्मा, शब्बाथ, मरिया, कोणाची मंडळी खरी, हे विषय बंद. वसईचा कॅथलिक, नगरचा प्रोटेस्टंट आणि नवी मुंबईतला पेंटेकॉस्टल एका गाण्यावर काम करू शकतात पण एका ग्रुपवर वाद घालून एकत्र राहू शकत नाहीत. हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

प्रश्न : मी चर्चचा पाळक (पास्टर) आहे. तुमचा कळवळा समजतो पण तरुणांना पैशाची चटक लावू नका. गायन ही प्रभूची सेवा आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, ते पैसे मोजत बसले नाहीत.

उत्तर : पाळकसाहेब, तुमचा मान ठेवून सांगते, हे मला मान्य नाही. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली हे खरं, पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. आपण पगार सोडणं वेगळं आणि दुसऱ्याला न देणं वेगळं. बायबलातल्या नहेम्याचा १३ वा अध्याय परत एकदा काढून वाचा अशी विनंती आहे. नहेम्या परत येतो तेव्हा मंदिरात गाणारे नसतात, त्यांचे वाटे त्यांना दिलेच गेले नव्हते म्हणून लेवी (मंदिराचे सेवक) आणि गायक आपापल्या शेताकडे निघून गेलेले. नहेम्या गायकांना रागवत नाही, तुमची भक्ती कमी झाली म्हणत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो की देवाचं मंदिर का टाकलं, आणि मग गायकांना परत जागेवर आणतो. आज आपल्याकडे हेच चाललंय. चांगला कीबोर्डवाला पोरगा लग्नाच्या ऑर्केस्ट्राला जातो आणि आपण म्हणतो जगाकडे गेला. साहेब, त्याच्या घरी आई आहे, कीबोर्डचा हप्ता आहे.

साउंडवाल्याला आपण पैसे देतो, मांडववाल्याला देतो, केटररला तर ॲडव्हान्स देतो. गाणाऱ्याला शाल आणि "प्रभू तुला आशीर्वाद देवो". आशीर्वाद द्याच, पण येण्याजाण्याचं भाडं आणि ठरलेलं मानधन पाकिटात घालून, कार्यक्रम संपायच्या आत द्या. पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या) बजेटमध्ये संगीताची एक ओळ टाका, कितीही छोटी असो. ज्याला सेवा म्हणून नको असेल तो ते पाकीट अर्पणाच्या थैलीत टाकेल, पण ते त्याने ठरवायचं. आणि तुमच्या हातात पैशापेक्षाही मोठी गोष्ट आहे, हॉल. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाला उघडा द्या, लाईटबिल मंडळीने भरावं. यातून काय उभं राहतं ते वर्षभरात दिसेल.

प्रश्न : वसईहून लिहितेय. एका अल्बमसाठी मी तीन गाणी गायले. पैसे नाहीत, ठीक आहे, पण व्हिडिओखाली माझं नावसुद्धा नाही. विचारलं तर म्हणाले ताई, नाव प्रभूचं मोठं होऊ दे. शिवाय सराव रात्री नऊला ठेवतात, घरून बोलणी बसतात. मी चुकीचं मागतेय का?

उत्तर : ताई, अजिबात चुकीचं नाही, आणि वाचून राग आला मला. व्हिडिओवर निर्मात्याचं नाव आहे, बॅनर आहे, फोन नंबर आहे, फक्त गाणारीचं नाव आलं की प्रभूचं नाव लहान होतं का? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क दिलाय. तेव्हा विनवणी करू नका. शांतपणे मेसेज करा, तारीख आणि गाण्यांची नावं घालून, की डिस्क्रिप्शनमध्ये आणि व्हिडिओत गायिका म्हणून नाव घाला. लेखी राहू दे.

पुढच्या वेळी माईकसमोर उभं राहण्याआधी एका पानावर लिहून घ्या. मानधन किती आणि कधी, नाव कुठे येणार, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, आणि उद्या कुठे विकलं किंवा लावलं तर तुमचा वाटा काय. स्टॅम्पपेपर नसला तरी दोघांच्या सह्या आणि तारीख असलेला कागद खूप काम करतो. तुम्ही स्वतः शब्द लिहीत किंवा चाल लावत असाल तर आयपीआरएसची मेंबरशिप घ्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था १९६९ पासूनची आहे, आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आता कंपनी कागदावर कायमचा लिहून घेऊ शकत नाही, तो वारसांकडे किंवा अशा संस्थेकडेच देता येतो.

रात्री नऊच्या सरावाबद्दल मात्र मला वरच्या नगरच्या दादांना आणि सगळ्यांनाच सांगायचंय. नऊला सराव ठेवला की बायका आपोआप गळतात आणि मग म्हणतात मुली येतच नाहीत. रविवारी उपासना झाली की तिथेच दोन तास बसा, लहान मुलं असतील तर कोणीतरी एकाने त्यांना सांभाळायचं, आणि बाहेरगावी कार्यक्रम असेल तर ताईंना घरापर्यंत सोडायची जबाबदारी कोणाची ते आधी ठरवायचं. हे ज्यांना जमत नाही त्यांनी नेटवर्कच्या गोष्टी करू नयेत.

प्रश्न : टिळकांचं एक जुनं भजन आम्ही नवीन चालीत करून टाकलं तर कॉपीराइट क्लेम आला. टिळकांच्या शब्दांवर कोणाचा हक्क?

उत्तर : शब्दांवर कोणाचाच नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, टिळक १९१९ ला गेले, तेव्हा ते शब्द केव्हाच सगळ्यांचे झाले. चाल तुमचीच आहे, म्हणजे तिथेही प्रश्न नाही. मला शंका आहे ती तुमच्या म्युझिकबद्दल. नेटवरून बीट किंवा ट्रॅक घेतला होता का? तो शंभर जणांनी घेतलेला असतो, त्यातला एखादा आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (सारखी गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवतो आणि मग मशीनला सगळीच गाणी त्याची वाटतात. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरची कारवाई, नव्हे, घाबरून व्हिडिओ काढू नका. डिस्प्यूट टाका आणि लिहा की शब्द जुने आहेत, कॉपीराइटची मुदत संपलेली आहे, चाल आणि गायन आमचं आहे, ट्रॅकचं लायसन्स असेल तर तेही जोडा. नसेल तर तुमच्या पेटी-तबल्यावर परत वाजवा, कटकट कायमची मिटेल. आणि चाल आत्ताच्या कुणा संगीतकाराची घ्यायची असेल तर परवानगी विचारा, उपासनेत गायला कायदा आडवा येत नाही पण तेच व्हिडिओ करून नेटवर टाकणं वेगळं पडतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपला मदत म्हणून मावसभाऊ अमेरिकेतून दर महिन्याला पैसे पाठवतो म्हणतो. कोणाच्या खात्यात घेऊ?

उत्तर : थांबा, आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ग्रुपसाठी म्हणून पाठवलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जाते आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते मिळायला संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेली लागते. ग्रुपसाठीचे पैसे तुमच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात घेऊन वाटले तर ती पळवाट नाही, अडचण आहे, आणि आपल्या समाजावर आधीच कोणकोणाचे डोळे असतात हे तुम्हाला माहिती आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी होत नाही, तरी एकदा सीएला दाखवून घ्या.

त्यापेक्षा त्याला सांगा की देणगी नको, काम दे. तिकडच्या मराठी मंडळीला नाताळसाठी नवीन गाणं हवं असेल तर ते तुमच्याकडून करून घेऊ दे आणि गाणं करणाऱ्याने रीतसर बिल द्यावं. मुलांना ऑनलाईन पेटी शिकवा, फी घ्या. तो कलाकाराचा कामाचा मोबदला होतो, इन्कम टॅक्समध्ये दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. ऑक्टोबर संपायच्या आत विचारा मात्र, डिसेंबरात विचारलंत तर त्यांची गाणी ठरलेली असतात.