शुगर आहे, एसजीपीटी नॉर्मल. मग फॅटी लिव्हरची भीती नाही ना?

तुम्ही लिहिलंय: वडील ५६ वर्षांचे, सांगलीत असतात, १० वर्षं शुगर. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, पण एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ३६, म्हणून सगळे निवांत.

निवांत राहू नका. शुगरवाल्यांचं एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर आतून कडक होत गेलेलं असू शकतं. ग्रेडवरून फक्त चरबीचा अंदाज येतो, लिव्हर कडक करणाऱ्या व्रणांचा नाही.

त्यासाठी फिब-४ काढा, म्हणजे व्रणांच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा. नवीन रक्त द्यायला नको, जुना रिपोर्ट पुरतो. वय गुणिले एसजीओटी (लिव्हरचीच दुसरी रक्ततपासणी), त्याला प्लेटलेट (१.६ लाख असतील तर १६०) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागा. वडिलांचे आकडे: ५६ × ४० = २२४०, खाली १६० × ६ = ९६०. उत्तर २.३३. यातला एकही आकडा लाल नाही, तरी हे!

१.३ च्या खाली असतं तर धोका कमी (पासष्टीपुढे २ धरतात). २.६७ च्या वर असेल तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. वडिलांचं मधलं, म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. मिरजेत चौकशी करा.

वडिलांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आणि पोटाचा घेर, दोन्ही याच दुखण्याचे सोबती. ‘दारूला शिवत नाही’ हे वडिलांचं म्हणणं खरं असेल, पण रोजचा उसाचा रस? वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हर बऱ्यापैकी सावरतं. बाजारातले ‘लिव्हर टॉनिक’ मात्र राहू द्या.