नोटेवर गावच्या बँकेचं नाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने १९०२ साल छापलेली वीस डॉलरची एक नोट घेतली. आकाराने हल्लीच्या नोटेपेक्षा बरीच मोठी. तिच्यावर एका गावातल्या ‘फर्स्ट नॅशनल बँके’चं नाव ठळक आहे, आणि खाली दोन सह्या. त्यांतली एक जवळजवळ उडून गेली आहे. त्या गावची वस्ती आजही दोन-तीन हजारच आहे म्हणे. एवढ्याशा गावातल्या बँकेला नोटा काढायची परवानगी होती? की भाच्याला कोणी टोपी घातली? फोटो पाठवते आहे. — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, फोटोवरून तरी नोट अस्सल वाटते. माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. त्यामुळे कोणी नोट पुढे केली की माझी नजर चित्राआधी क्रमांकावर आणि सहीवर जाते. तुमच्या नोटेवर त्या दोन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत.

परवानगी होती, आणि एकट्या त्या बँकेला नव्हे. १८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या बारा हजारांहून जास्त बँकांच्या नावाने अशा नोटा निघाल्या. त्यांत न्यूयॉर्क-शिकागोच्या बड्या बँका होत्या, तशाच एक धान्याचं कोठार, एक चर्च आणि एक रेल्वे स्टेशन एवढाच पसारा असलेल्या गावांतल्याही होत्या.

त्याआधीचा कारभार मात्र खरोखर अंदाधुंदीचा होता. राज्य सरकारचा परवाना मिळालेली बँक स्वतःच्या नोटा स्वतःच्या हिमतीवर काढायची. बँक जितकी लांब, तितका नोटेवर बट्टा. कुठल्या बँकेची नोट किती पैशांना घ्यायची आणि कुठली बनावट आहे, हे सांगणारी नियतकालिकं निघत, आणि दुकानदार ती गल्ल्याशेजारी ठेवून माल विकत. मिशिगनमध्ये १८३७ च्या कायद्यानंतर तर वाटेल त्याने बँक काढली. सरकारी तपासनीस चांदी मोजायला गेले, तेव्हा काही पेट्यांत वर नाण्यांचा एक थर आणि खाली खिळे न् काचा निघाल्या.

मग यादवी युद्ध आलं. लिंकन सरकारला पैसा हवा होता, म्हणजेच सरकारी रोख्यांना गिऱ्हाईक हवं होतं. अर्थमंत्री सॅमन चेस यांनी दोन दुखण्यांवर एकच औषध काढलं. २५ फेब्रुवारी १८६३ च्या कायद्याने असं ठरलं, की बँकेने केंद्र सरकारचे रोखे विकत घ्यावेत, ते वॉशिंग्टनला ट्रेझरीत, म्हणजे सरकारी खजिन्यात, ठेवावेत आणि त्यांच्या तारणावर सरकारनेच छापलेल्या, पण बँकेचं नाव असलेल्या नोटा घ्याव्यात. राज्यांच्या बँका जुन्या नोटा सोडेनात, तेव्हा १८६५ मध्ये त्या नोटांवर १० टक्के कर बसवला. मग त्यांना परवडेना.

तुमच्या नोटेवर डाव्या बाजूला ज्या गृहस्थांचं चित्र आहे, ते ह्यू मॅकलॉक. हे इंडियानातले बँकर. या कायद्याला विरोध करायला १८६२ मध्ये वॉशिंग्टनला गेले होते, आणि पुढच्या वर्षी चेस यांनी त्यांनाच या योजनेचे पहिले प्रमुख नेमलं. विरोधकाला खुर्ची देऊन गप्प करायची विद्या आपल्याच पुढाऱ्यांना येते असं समजू नये!

सुरुवातीला बँक काढायला किमान ५०,००० डॉलर भांडवल लागे. मार्च १९०० मध्ये तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ती अट २५,००० वर आणली, आणि खेड्यापाड्यांत बँकांचं पेव फुटलं. हिशेब करून बघा. २५,००० चे दोन टक्क्यांचे रोखे ठेवले की तेवढ्याच रकमेच्या नोटा मिळत. रोख्यांचं वर्षाचं ५०० डॉलर व्याज चालूच. त्यातून अर्धा टक्का कर, म्हणजे १२५ डॉलर जाणार. शिवाय फाटक्या-जुन्या नोटा बदलून देण्यासाठी पाच टक्के, म्हणजे १,२५० डॉलर ट्रेझरीत अडकून पडणार. उरलेल्या नोटा शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला कर्जाऊ द्यायच्या आणि त्यावर पुन्हा व्याज घ्यायचं. घबाड नव्हे, पण बरी कमाई होती. आणि गावभर आपल्या नावाच्या नोटा फिरतात, ही जाहिरात फुकट.

छापखाना मात्र गावात नव्हता. वॉशिंग्टनहून एकेका तावावर चार नोटा छापून येत. दहाच्या तीन आणि वीसची एक, अशी मांडणी नेहमीची. कॅशियर आणि अध्यक्ष सह्या करत आणि ताव कापत. म्हणून या नोटांच्या कडा पुष्कळदा वाकड्या असतात, तुमच्या नोटेची खालची कड बघा. शेकडो सह्या करून हात दुखतो, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिथल्या लोकांनीही मग रबरी शिक्के करून घेतले. शिक्क्याची शाई हलकी असली की उडते, तुमची दुसरी सही बहुधा तशीच गेली असावी. त्याने नोटेला बाध येत नाही. सही नसलेली, अगदी बँकेतून चोरीला गेलेली नोटसुद्धा भरून द्यायची असं १८९२ च्या कायद्यानेच सांगितलं होतं.

मोठ्या क्रमांकाशेजारी ‘एम’ अक्षर दिसतं ते मिडवेस्ट विभागाचं. ट्रेझरीत परत आलेल्या नोटांची वर्गवारी सोपी जावी म्हणून १९०२ पासून १९२४ पर्यंत अशी विभागवार अक्षरं छापत.

प्रश्न : माझ्याकडे १९२९ सालची, तपकिरी शिक्क्याची दहा डॉलरची नोट आहे. ज्या बँकेचं नाव आहे ती मंदीच्या काळात बुडाली असं कळलं. म्हणजे नोट रद्दीच ना? — एक छंदी वाचक

उत्तर : बिलकूल नाही. गंमत इथेच आहे. बँक बुडाली तरी तिची नोट बुडत नव्हती. तारणाचे रोखे वॉशिंग्टनला, आणि देणं सरकारच्या शिरावर. नोटधारकाला पूर्ण पैसे मिळत. त्याच बँकेत ज्याने तेच दहा डॉलर खात्यात भरले होते, त्याचे हाल विचारू नका. सरकारी रिसीव्हर येणार, बँकेची वसुली करणार आणि जमेल तसं, हप्त्याहप्त्याने, टक्क्यांत वाटणार. १९३० ते १९३३ मध्ये तिथे नऊ हजारांच्या आसपास बँका बंद पडल्या. ठेवींना सरकारी विमा मिळाला तो १ जानेवारी १९३४ पासून, तोही सुरुवातीला २,५०० डॉलरपुरता. म्हणजे खिशातली नोट सत्तर वर्षं सुरक्षित, आणि पासबुकातली रक्कम रामभरोसे. गावाने आपल्या बँकेवर टाकलेला विश्वास नोटेत नव्हताच, तो ठेवीत होता. या नोटांना ‘गावाचं स्वतःचं चलन’ म्हणून गहिवरणारे लेख येतात ते मला म्हणूनच पटत नाहीत.

या पद्धतीचा खरा दोष वेगळा. नोटा रोख्यांना बांधलेल्या. सुगीत शेतमालाची उचल सुरू झाली की रोकड हवी, पण रोखे काही हंगाम बघून वाढत नाहीत. १९०७ च्या घबराटीत हे फार जाचलं आणि डिसेंबर १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा झाला. १९३५ मध्ये सरकारने तारणाला चालणारे शेवटचे रोखे फेडून टाकले आणि बँकांच्या नावाच्या नोटा थांबल्या.

तुमची नोट अमेरिकेत आजही दहा डॉलरला चालेल. पण चालवू नका, संग्राहक जास्त देतील. किती, ते त्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत आणि नोट किती कोरी आहे यावर ठरतं. इस्त्री, खोडरबर, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही करू नका.

प्रश्न : अशा बँकेचा इतिहास शोधायचा कसा? — एक विद्यार्थी

उत्तर : नोटेवरचा चार्टर क्रमांक, म्हणजे बँकेच्या परवान्याचा क्रमांक, घ्या. बँकांचा कारभार पाहणाऱ्या ‘कंट्रोलर ऑफ द करन्सी’च्या वार्षिक अहवालांत अध्यक्ष, कॅशियर, भांडवल आणि चलनातल्या नोटांची रक्कम बँकवार छापलेली असे. सेंट लुइस फेडरल रिझर्व्हने ‘फ्रेझर’ या संग्रहात हे अहवाल फुकट ठेवले आहेत. ओळीने चार-पाच वर्षांचे उघडा. कॅशियर बदलला, नोटांची रक्कम एकदम घटली, असं काही दिसलं की ते साल टिपा आणि मग त्या गावच्या वर्तमानपत्रात शिरा.