पंपाला हात सगळ्यात शेवटी: जुन्या इटालियन गाड्यांच्या मेकॅनिकल इंजेक्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सगळ्या पत्रांत एकाच पंपाचा विषय आहे, तो म्हणजे स्पिका, इंजिनला पेट्रोल मोजून सोडणारा मेकॅनिकल पंप. अमेरिकेत विकायच्या गाड्यांना अल्फा रोमिओने 1969 पासून हे इंजेक्शन बसवलं आणि स्पायडरवर ते 1981 पर्यंत टिकलं. 1970 साली आलेल्या व्ही-8 माँट्रियललाही तेच होतं. दातेरी पट्ट्यावर फिरणाऱ्या या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, म्हणजे पेट्रोल दाबून पाठवणारा छोटा दांडा, असतो. किती पेट्रोल सोडायचं ते आतला त्रिमितीय कॅम ठरवतो. हा कॅम थ्रॉटलबरोबर फिरतो आणि इंजिनचा वेग बदलला की पुढेमागे सरकतो. गाडी बिघडली की सगळे आधी पंपावर बोट ठेवतात. दोष मात्र बहुतेक वेळा पंपाच्या बाहेर सापडतो.

प्रश्न : 1973 ची अल्फा 2000 जीटीव्ही, स्पिकासकट, गेली नऊ वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

मुळीच नाही. पेट्रोल सुकलं की डिंकासारखा थर राहतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत प्लंजर गंजून जाम होतात. जाम पंप स्टार्टरने फिरवला तर पट्ट्याचे दात जातात, नाहीतर पंपाच्या आत काहीतरी मोडतं.

आधी टाकी रिकामी करून धुवून घ्या. रबरी पाइप एकूणएक बदला, वरून चांगला दिसणाराही ठेवू नका. इथेनॉलला टिकणारा, एफकेएम रबराच्या अस्तराचा इंजेक्शन होज घ्या. फिल्टर दोन आहेत. मागचा इलेक्ट्रिक पंपाच्या आधी, पुढचा इंजिनजवळ. मागचा बरेच जण विसरतात. तो चोक झाला की इलेक्ट्रिक पंप ओरडायला लागतो आणि डॅशबोर्डवरचा फ्युएल प्रेशरचा दिवा लुकलुकतो. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. प्लंजरांना वंगण पेट्रोलचंच मिळतं.

आता पट्टा काढून पंपाची पुली हाताने, इंजिनच्या दिशेनेच फिरवा. प्रत्येक प्लंजरला थोडा जोर लागून सुटल्यासारखं व्हायला हवं. कुठे अडली तर पाना लावून रेटू नका. पाच लिटर ताज्या पेट्रोलात 100 मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळा, इलेक्ट्रिक पंपाने ते इंजेक्शन पंपातून फिरवा, दोन दिवस मुरू द्या आणि मग पुन्हा हाताने बघा. रिटर्न पाइप डब्यात सोडला की धार जाड आणि बुडबुड्यांशिवाय पडली पाहिजे. बुडबुडे आले तर सक्शनच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जातेय.

इंजिन ऑइल बदला. पंपावरचा छोटा ऑइल फिल्टरही बदला, पंपाच्या कॅमला इंजिनचंच ऑइल जातं. पट्टा चढवताना एक नंबर सिलिंडर इनटेक स्ट्रोकवर हवा. क्रँक पुलीवरची ‘आय’ ही खूण काट्यासमोर आणि पंपाच्या पुलीवरची रेघ पंपाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणा. ‘पी’ ही टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची, खूण आहे. इथे गल्लत होते.

शेवटची चाचणी. इग्निशन कॉइल सोडवा, स्पार्क प्लग काढा, चारही इंजेक्टर बाहेर काढून त्यांच्या पाइपांना जोडा आणि एकसारख्या चार बाटल्यांत सोडा. गाडी उघड्यावर हवी, अग्निशामक हाताशी हवा. अर्धा मिनिट क्रँक करून पातळ्या बघा. एक बाटली कोरडी राहिली तर तो इंजेक्टर शेजारच्या पाइपवर लावा. दोष इंजेक्टरबरोबर गेला तर इंजेक्टर खराब. दोष जागीच राहिला तर आधी मधला पाइप तपासा, तो साफ असेल तर प्लंजर.

प्रश्न : माझ्या 1974 च्या स्पायडरचे प्लग काळे पडतात, गरम झाल्यावरही आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) 1,500 आरपीएमच्या खाली येत नाही. तुर्भ्याचे मेकॅनिक म्हणतात, “हे काढून टाका, वेबर कार्ब्युरेटर लावा.” काय करू? (नेरुळ)

कार्ब्युरेटर लावू नका. तुमची लक्षणं जवळजवळ नक्की थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटरची आहेत. त्याचा बल्ब कूलंटमध्ये बसतो, तिथून एक बारीक नळी पंपापर्यंत येते. कूलंट तापलं की आतला द्रव फुगतो, पिस्टन पुढे येतो आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं. हा द्रव वर्षानुवर्षांत झिरपून जातो. मग पिस्टन पुढे येतच नाही आणि इंजिन थंडच आहे असं समजून पंप कायम रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिक्श्चर देत राहतो. थंड इंजिनचा चढा आयडलही त्यामुळेच उतरत नाही.

इंजिन पूर्ण तापू द्या. पंपाच्या लिव्हरपाशी रेफरन्स स्क्रू आहे, त्या दोघांत फिलर गेज घाला. फट 0.019 इंच, म्हणजे साधारण 0.48 मिमी हवी. फट नसेल तर ॲक्च्युएटर काढा, नळीला मोड येऊ देऊ नका. पिस्टनची लांबी व्हर्नियरने मोजा, बल्ब तापत्या पाण्यात धरा, पुन्हा मोजा. लांबी जागची हलली नाही तर तो भाग गेला.

नवे ॲक्च्युएटर बाहेरून मागवता येतात. हाताने लांबी बदलायचे, स्क्रूचे पर्यायही मिळतात. नवी मुंबईच्या हवेत गरम इंजिनच्या मापावर लावून ठेवलेला स्क्रू चालतो, सकाळी दोन-तीन मिनिटं थ्रॉटलवर पाय धरावा लागेल एवढंच. मात्र मेलेला ॲक्च्युएटर तसाच ठेवून फ्युएल कट-ऑफ सोलेनॉइड (पंपावरचा, फिरवून मिक्श्चर लावता येतं तो भाग) फिरवत बसू नका. गाडी आयडलला बरी वाटेल आणि रस्त्यावर लीन धावेल. पिस्टन जळतात ते असे.

वेबर लावायचे तर मॅनिफोल्ड, लिंकेज, कमी दाबाचा फ्युएल पंप, पुन्हा जुळवलेला डिस्ट्रिब्युटर आणि जेटिंग, सगळंच आलं. इतक्या खर्चात स्पिका उत्तम दुरुस्त होतं. कुणी आधीच कार्ब्युरेटर लावले असतील तर काढलेला पंप ऑइल लावून, तोंडं बंद करून जपा. भंगारात देऊ नका.

प्रश्न : ई-20 (20 टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून गाडी स्थिर वेगात धक्के खाते. पंपाला सवय करता येईल का? (ऐरोली)

करता येते, आणि ती करायलाच हवी. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला 1 लागतं, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे स्वतः सांभाळतो. तुमचा कॅम जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने कातलेला आहे, म्हणून गाडी साधारण सात-आठ टक्के लीन चालते.

आधी पेट्रोलमध्ये काय आहे ते बघा. 100 मिलीच्या मोजपात्रात 90 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 28 मिलीच्या जवळ गेला तर पेट्रोल ई-20 आहे.

मग सायलेन्सर पाइपला वाइडबँड गेज (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) लावा आणि लॅम्डा वाचा. लॅम्डा 1 म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच, वर लीन. पूर्ण थ्रॉटलला 0.87 आणि स्थिर वेगाला 0.95 च्या आसपास ठेवा. पेट्रोलच्या आकड्यांचा गेज 0.87 ला 12.8 दाखवेल. खऱ्या मिश्रणाचं प्रमाण तेवढं नसलं तरी तोच आकडा धरा. सोलेनॉइडची मूळ जागा रंगाने खूण करून, लॉकनट सैल करा. आत फिरवलं की लीन, बाहेर फिरवलं की रिच. एका वेळी एक अष्टमांश फेराच द्या. याचा परिणाम हलक्या लोडवर जास्त जाणवतो, म्हणून पूर्ण थ्रॉटलचं माप घेतल्याशिवाय समाधान मानू नका.

पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. अर्ध्या टाकीतल्या हवेतला ओलावा इथेनॉल शोषून घेतं, पाणी तळाला बसतं आणि पहिल्याच स्टार्टला प्लंजरांत जातं. महिनाभर गाडी काढायची नसेल तर पेट्रोल काढून घ्या आणि टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल पंपात फिरवून ठेवा.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या डिझेल पंप-नोझलवाल्याकडे स्पिका उघडायला द्यावा का? (ठाणे पश्चिम)

प्लंजरांपुरता द्यावा. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल मायक्रॉनच्या फरकाने लॅप केलेली, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेली, जोडी असते, एकीचा प्लंजर दुसरीत घालायचा नाही, हे त्यांना कुणापेक्षाही चांगलं कळतं. मागचा भाग, म्हणजे गव्हर्नर (वेगाप्रमाणे कॅम सरकवणारा), कॅम आणि हवेच्या दाबाची कॅप्सूल, त्यांनी उघडू नये. डिझेल बेंचवरचं कॅलिब्रेशनही पेट्रोलला जसंच्या तसं लागू होत नाही. 1750 चा पंप 2000 ला बसवू नका, प्लेटवरचा नंबर जुळवा.

पंप उघडायची खरी गरज ओळखायची असेल तर डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर प्लंजरांवरून गळती आहे. अशी गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगं जातात.

प्रश्न : लोणावळ्याला गाडी मस्त चालते, ठाण्यात उतरलो की पुन्हा धक्के. का? (कोपरी)

लोणावळा सुमारे 620 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब साधारण सात टक्के कमी. पंपातली कॅप्सूल चालू असती तर तिने तेवढं पेट्रोल कमी केलं असतं आणि दोन्हीकडे गाडी सारखीच चालली असती. तुमची कॅप्सूल मेलेली दिसते. त्यामुळे वर गेल्यावर मिक्श्चर रिच होतं आणि ई-20 ने आलेला लीनपणा तेवढ्यापुरता भरून निघतो. ठाण्याच्या पातळीवर, वर सांगितल्याप्रमाणे लॅम्डा बघून मिक्श्चर लावा, मग पुन्हा घाट चढा. वर प्लग काळे पडले तर कॅप्सूल बदलायला पंप स्पिकाच्या जाणकाराकडे द्या.