अधिकारपृच्छा, क्वाधिकार आणि क्वो वॉरंटो

प्रश्न असा आहे: नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘अधिकारपृच्छा’, संविधानाच्या मराठी प्रतीत ‘क्वाधिकार’ आणि वकिलांच्या तोंडी ‘क्वो वॉरंटो’. तिन्ही एकच का? आणि न्यायाधीशाने चुकीचा निकाल दिला, तर त्याच्याविरुद्ध अधिकारपृच्छा मागता येते का?

तिन्ही एकच: सार्वजनिक पदावर बसलेल्याला ‘हा अधिकार कुठून आला?’ असं विचारणारा न्यायालयाचा आदेश, म्हणजे रिट. दुसऱ्याचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, आणि त्याचं कारण त्या शब्दातच आहे.

‘क्वो वॉरंटो’ म्हणजे ‘कोणत्या अधिकारपत्राच्या जोरावर?’ यातला वॉरंट आपल्या पकडवॉरंटातलाच. तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आपल्या सरदारांना हा प्रश्न विचारायचा: ही न्यायदानाची, वसुलीची सत्ता तुम्हाला कोणी दिली, सनद दाखवा. आज तोच प्रश्न नागरिक न्यायालयामार्फत सत्तेवर बसलेल्याला विचारू शकतो. इंग्लंडने 1938 मध्ये ही जुनी कार्यवाही रद्द केली. आपल्याकडे ती संविधानाच्या अनुच्छेद 32 (सर्वोच्च न्यायालय) आणि 226 (उच्च न्यायालयं) मध्ये नावानिशी आहे.

‘क्वाधिकार’ मला फार आवडतो. क्व म्हणजे संस्कृतात ‘कुठे’. क्व + अधिकार, म्हणजे ‘अधिकार आहे कुठे?’ उच्चार लॅटिनच्या जवळचा आणि अर्थही नेमका. पण तो रुळला नाही, कारण आज ‘क्व’ कोणाच्या कानाला ओळखीचा नाही. ‘पृच्छा’ मात्र ओळखीची आहे. आपलं ‘पुसणे’ त्याच धातूतून आलं, ‘विचारपूस’मधली ‘पूस’ही तीच. म्हणून लिहिताना ‘अधिकारपृच्छा’ वापरावा असं माझं मत.

वापरातली एक चूक सर्रास दिसते: ‘अमक्याने अधिकारपृच्छा दाखल केली’. नागरिक दाखल करतो ती याचिका. पृच्छा न्यायालय करतं, आणि उत्तर द्यायचं असतं खुर्चीवरच्या माणसाने.

आता निकालाचं. अधिकारपृच्छा खुर्चीबद्दल असते, खुर्चीवर बसून केलेल्या कामाबद्दल नसते. न्यायालय किंवा न्यायाधिकरण आपल्या कक्षेबाहेरचं प्रकरण चालवत असेल, तर ते थांबवायला ‘प्रतिषेध’ हे वेगळं रिट. आदेश देऊन झाला असेल, तर तो रद्द करायला ‘प्राकर्षण’ हे रिट. कक्षेत राहून नुसताच चुकीचा निकाल दिला असेल, तर अपील. उलट, माणूस कितीही चोख काम करत असो, त्या पदासाठी कायद्याने घातलेली पात्रता त्याच्याकडे नसेल, तर अधिकारपृच्छा लागू पडते. आणि ती मागणाऱ्याचं स्वतःचं काही नुकसान झालेलं असावं लागत नाही. पद मात्र सार्वजनिक हवं. पद सार्वजनिक हवं आणि त्यावरचा माणूस कायदेशीर अधिकाराविना बसलेला हवा, हे मुख्य निकष सर्वोच्च न्यायालयाचे न्या. गजेंद्रगडकर यांनी 1963 मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या खटल्यात मांडले, आणि आजही प्रत्येक वकील तिथूनच सुरुवात करतो.

न्यायाधीशाच्या खुर्चीलाच हा प्रश्न विचारला गेल्याचं उदाहरण गुवाहाटीचं. 1991 मध्ये मिझोराम सरकारच्या विधी खात्यातल्या सचिवांची गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याचं अधिपत्र निघालं होतं, फक्त शपथ बाकी होती. एका वकिलाने आव्हान दिलं: उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची पात्रता सांगणाऱ्या अनुच्छेद 217 ला 10 वर्षं न्यायिक पदावर काम केलेला किंवा उच्च न्यायालयात वकिली केलेला माणूस हवा, आणि सचिवाची नोकरी हे न्यायिक पद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये ते मान्य केलं आणि नेमणूक रद्द ठरवली. अधिपत्र म्हणजेच वॉरंट. कागदाचं वॉरंट हातात होतं, तरी न्यायालयाने त्यामागचा अधिकार तपासला. सामान्य वकिलाच्या अर्जावर राष्ट्रपतींची सहीही तपासली जाते, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

यावर पुढची शंका येतेच: अपात्र न्यायाधीश काही काळ खुर्चीवर बसून गेला असेल, तर त्याने दिलेले निकाल बाद होतात का? होत नाहीत. गोकाराजू रंगराजू खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नेमणूक नंतर अवैध ठरली तरी त्या पदावरून रीतसर दिलेले निकाल कायम राहतात. त्यामुळे एखाद्या आरोपीला आपल्या अपिलात ‘या न्यायाधीशांची नेमणूकच बेकायदा होती’ असं म्हणून शिक्षेतून सुटता येत नाही. खुर्चीवरचा हक्क तपासायचा, तर त्यासाठी वेगळी याचिका करावी लागते.