मामा म्हणतात, मुंडकं उडवायचे!

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत जादूच्या खेळात बाईचे दोन तुकडे केलेले बघून आलो, तर मामा म्हणतात सत्तरच्या दशकात रॉकवाले स्टेजवर स्वतःचं मुंडकं उडवून घ्यायचे. खरंय का ओ? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : खरंय की ओ! रॉक गायक अ‍ॅलिस कूपर १९७३ च्या टूरला गिलोटिनखाली, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्राखाली, मान द्यायचा, आणि ती ट्रिक बसवली जेम्स रँडी या जादूगारानं, जल्लादही तोच व्हायचा, म्हणजे तुमच्या गड्ड्याचाच भाऊबंद म्हणा. ‘किस’ बँडचा जीन सिमन्स तोंडातून आग फेकायचा, ३१ डिसेंबर १९७३ ला न्यूयॉर्कात त्याचे केसच पेटले, स्प्रे मारलेला होता ना. १९७२ मध्ये डब्लिनला ‘जेनेसिस’ बँडचा गायक पीटर गॅब्रिएल बायकोचा लाल ड्रेस न् कोल्ह्याचं तोंड घालून आला. मला विचाराल तर हाच भारी, रक्त नाही, आग नाही, तरी पब्लिक गार.