शिडाच्या नौकेवरील ट्रॅव्हलर कारचे झिजलेले छर्रे स्वतः बदलता येतात का?

आपण विचारले आहे की मेनशीटवर (मुख्य शीड ताणून धरणाऱ्या दोरावर) ताण असताना ट्रॅव्हलरची कार, म्हणजे तो दोर ज्याला जोडलेला असतो तो आडव्या ट्रॅकवर बारीक गोळ्यांच्या (छर्ऱ्यांच्या) आधाराने सरकणारा ठोकळा, अडखळत सरकते, ट्रॅकच्या कडेला पांढरी भुकटी साचते आणि एकदोन छर्रे डेकवर पडलेले सापडले. अशा वेळी नुसते छर्रे बदलून भागेल की अख्खी कार नवी घ्यावी लागेल, आणि प्लास्टिकऐवजी स्टीलचे छर्रे जास्त टिकतील का? कारचे अंग आणि ट्रॅक शाबूत असतील तर छर्रे बदलणे पुरेसे आहे, आणि हे काम स्वतः करण्याजोगे आहे. स्टीलचे छर्रे मात्र मुळीच घालू नयेत.

त्यामागचे कारण असे, की ट्रॅक ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने तयार केलेल्या ऑक्साइडचा) कठीण पण अगदी पातळ थर असतो. प्लास्टिकचा छर्रा भाराखाली किंचित दबतो, त्यामुळे भार थोड्या मोठ्या जागेवर विभागला जातो. स्टीलचा छर्रा दबत नाही, सगळा भार एका बिंदूवर येतो आणि ट्रॅकच्या खाचेत चर पडू लागतो. एकदा तो थर फुटला, की खारे पाणी आणि दोन भिन्न धातूंचा संपर्क मिळून ॲल्युमिनियम पोखरले जाते. झीज कोणाच्या तरी वाट्याला येणारच असेल, तर ती छर्ऱ्यांच्या वाट्याला आलेली परवडते, ट्रॅकच्या नव्हे.

कार खोलण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे. ट्रॅक आणि कार गोड्या पाण्याच्या धारेखाली धरून कार या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवावी, कारण वाळलेले मीठ आणि धूळ यांनीच कार जड झालेली असणे फार सामान्य आहे. त्यानंतरही ती ट्रॅकच्या एकाच ठरावीक जागी अडत असेल, तर दोष बहुधा ट्रॅकचा असतो: तिथल्या बोल्टचे डोके वर आलेले असते किंवा कडेला ठोका बसून पोचा पडलेला असतो. ती सगळीकडे सारखीच खडखडत असेल, किंवा मोकळी असताना सहज फिरून ताण येताच रुतत असेल, तर छर्रे गोल राहिलेले नाहीत असे समजावे. नौका उभी असताना मेनशीट कसून ठेवण्याची सवय असेल, तर तेच छर्रे त्याच जागी दीर्घकाळ दाबले जाऊन त्यांना सपाट बाजू पडतात. आपण सांगितलेली पांढरी भुकटी मात्र उन्हाने खराब झालेल्या ॲसिटलची, म्हणजे छर्ऱ्यांच्या प्लास्टिकची, असावी. पांढऱ्या ॲसिटलचा पृष्ठभाग अतिनील किरणांनी खडूसारखा होतो, मग त्याला तडे जातात, आणि फुटलेल्या एका छर्ऱ्याचा तुकडा कारच्या आतील वळणात अडकला की मागची सगळी रांग थांबते.

नवे छर्रे घेताना दोन गोष्टी चुकतात, पदार्थ आणि माप. ट्रॅव्हलरमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक वापरले जाते: ॲसिटल, जे डेलरिन या नावाने जास्त ओळखले जाते, आणि टॉरलॉन, जे अधिक कठीण, जास्त भार पेलणारे आणि बरेच महाग असते. मूळ कारमध्ये टॉरलॉनचे छर्रे असतील तर पैसे वाचवण्यासाठी तिच्यात डेलरिन घालू नये. माप बहुतेक वेळा इंचात असते. पाव इंचाचा छर्रा ६.३५ मिलिमीटरचा आणि तीन सोळांश इंचाचा छर्रा ४.७६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे दुकानात सहज मिळणारे ६ किंवा ५ मिलिमीटरचे छर्रे ‘जवळजवळ तेवढेच’ म्हणून घेतले, तर पहिले खिळखिळे बसतात आणि दुसरे आत शिरतच नाहीत. सर्वांत कमी झिजलेले चारपाच जुने छर्रे व्हर्नियर कॅलिपरने निरनिराळ्या दिशांनी मोजावेत आणि त्यांतील मोठ्यात मोठा आकडा धरावा. कारवर भाग-क्रमांक वाचता येत असेल, तर निर्मात्याच्या तक्त्यातील माप आणि संख्या हीच प्रमाण मानावी.

काम सुरू करताना मुख्य शीड उतरवून बूमला (त्या शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला) स्वतंत्र आधार द्यावा आणि मेनशीट कारपासून सोडवावी. ट्रॅकच्या टोकाचा अडथळा काढून त्या टोकाखाली कडा असलेला पसरट ट्रे ठेवावा, डेकवरची पाणी वाहून जाण्याची भोके चिंध्यांनी बुजवावीत आणि मगच कार सावकाश बाहेर ओढावी. काही कारमध्ये छर्रे तारेने किंवा टोकाच्या झाकणाने अडवलेले असतात. इतरांत ते कार ट्रॅकवरून निघताक्षणी सांडतात. दोन्ही प्लास्टिके पाण्यापेक्षा जड आहेत, तेव्हा पाण्यात गेलेला छर्रा वर येण्याची वाट पाहू नये. दोन्ही बाजूंचे छर्रे वेगळे मोजून संख्या लिहून ठेवावी. जुने आणि नवे मिसळू नयेत, कारण किंचित मोठे असलेले नवे छर्रे एकटेच सगळा भार घेतात आणि लवकर फुटतात.

कारच्या आतला मार्ग सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. हा मार्ग बंद वळशाचा असतो: ट्रॅकला टेकलेली रांग भार घेते, आणि कारच्या पोटातील दुसऱ्या वाटेने छर्रे पुन्हा पुढे येतात. छर्रे न अडवणारी कार भरताना ती ट्रॅकच्या टोकावर अर्धी चढवावी, उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागातून एकेक छर्रा लहान स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत ढकलावा आणि कार बोटभर पुढेमागे करत त्याला परतीच्या वाटेत जाऊ द्यावे. छर्रे घरंगळत असतील तर भांडी धुण्याच्या घट्ट साबणाचा थेंब त्यांना धरून ठेवतो आणि नंतर पाण्याने निघून जातो. ग्रीस तसे निघत नाही, उलट वाळू आणि धूळ धरून ठेवते, म्हणून ते इथे वापरू नये. वळसा ठासून भरायचा नसतो. रांगेत साधारण एका छर्ऱ्याइतकी फट उरली पाहिजे, नाहीतर छर्रे फिरण्याऐवजी एकमेकांवर घासत सरकतात. संख्येबद्दल शंका असेल तर एक छर्रा कमी ठेवणे चांगले.

कार बाहेर आहे तोवर ट्रॅकच्या दोन्ही खाचांतून नख फिरवून पाहावे. नख अडकेल असा चर असेल, तर नवे छर्रेही तिथे लवकर झिजतील, आणि ट्रॅकचा तो तुकडा बदलण्याचा विचार करावा लागेल. कारच्या आतील खाचेतच चर असतील किंवा टोकाचे झाकण तडकलेले असेल, तर मग नवी कार घेणेच योग्य. अडथळ्याचे स्टेनलेस स्क्रू परत लावताना त्यांच्या आट्यांना गंजरोधक पेस्ट लावावी, नाहीतर पुढच्या वेळी ते ॲल्युमिनियममधून निघणार नाहीत. त्यानंतर आधी मोकळी आणि मग हलक्या वाऱ्यात ताणाखाली कार दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर तिची दोन्ही टोकाची झाकणे घट्ट आहेत की नाहीत ते तपासावे.